मामंजी, डाव्या गुडघ्यावर

मी सासऱ्यांना गुडघ्याला बांधून भर रस्त्यात नाचवते, असं सांगितलं की ऐकणारी बाई असेल तर तिचे डोळे चमकतात आणि पुरुष असेल तर तो विषय बदलतो. मग मला खुलासा करावा लागतो. सासरे लाकडाचे आहेत. उंची दीड वीत, अंगात निळा कोट, डोक्यावर टोपी, आणि चेहऱ्याच्या मानाने नाक एवढं मोठं की पोरंटोरं त्यांना नाकाडे म्हणतात. खऱ्या सासऱ्यांनी एका मोडक्या खुर्चीच्या पायातून हा बाहुला कोरला आणि समोर आरसा ठेवून त्याला स्वतःचं तोंड दिलं. नाकाच्या बाबतीत त्यांनी काहीही लपवलं नाही. ते गेल्यावर बाहुला माझ्याकडे आला. मी त्याला मामंजीच म्हणते. त्याला अरेतुरे करायची माझी अजूनही छाती होत नाही.

व्यवस्था साधी आहे. पुलाच्या पायथ्याशी, हॉस्पिटलच्या फाटकासमोर, मी एका ठेंगण्या स्टुलावर बसते. पुढ्यात एक फळी, तिच्या पलीकडच्या टोकाला वीतभर उंचीची खुंटी. खुंटीची दोरी मामंजींच्या छातीतून आरपार जाते आणि माझ्या उजव्या गुडघ्याखालच्या चामडी पट्ट्याला येऊन मिळते. हनुवटीखाली व्हायोलिन, हातात गज. गुडघा जरा बाहेर गेला की दोरी ताणते, मामंजी उडी मारतात आणि त्यांचे लाकडी बूट फळीवर टक्कन वाजतात. गुडघा आत आला की ते पाय दुमडून खाली येतात. एवढंच आहे सगळं. पण एवढ्यातच मी त्यांना चालवते, लाजवते, रुसवते, थेंबभर न पाजता झिंगवते आणि टाळी पडली की कमरेत वाकवते. या शहरात हे करणारं दुसरं कुणी नाही. आणि खोटी नम्रता सोडून बोलायचं तर आजूबाजूच्या शहरांतही नाही.

रस्त्यावर बसलं की माणसं फुकटात बघायला मिळतात. बँकेतला एक साहेब रोज साडेदहाला येतो, तेच ते एक गाणं मागतो आणि दुसरं कडवं सुरू व्हायच्या आत घड्याळ बघत निघून जातो. अकरा वर्षं झाली, त्या गाण्याला शेवट आहे हे त्याच्या गावीही नाही. औषधांच्या दुकानातली मुलगी समोरून जाताना, कुणी बघत नाहीसं वाटलं की एकच पाऊल नाचून घेते. मी बघत नाही, पण मामंजी मान वळवून बघतात, आणि ती हसू दाबत पुढे जाते. वाहतूक पोलीस माझ्याकडे पाठ करून उभा असतो, पण त्याच्या बुटाची टाच माझ्या तालावर हलत असते. सुटातले एक आजोबा आठवड्यातून एकदा थांबतात आणि म्हणतात, बाई, काहीतरी कामधंदा बघा. त्यांना मामंजी इतक्या खाली वाकून नमस्कार करतात की शेवटी आजोबांनाच कानकोंडं होतं.

या सगळ्यात मी तोंडातून शब्द काढत नाही. खऱ्या मामंजींचा तो पहिला नियम होता. वाजवणाऱ्याने बोलायचं नाही, बोलायचं ते बाहुल्याने. दिवसभर गप्प राहून जे साठतं ते संध्याकाळी घरी येऊन बाहेर पडतं, असं आमच्या ह्यांचं म्हणणं आहे, आणि त्यात तथ्य आहे.

दुसरा नियम जास्त कडक होता. रस्ता रियाजासाठी नसतो. चुकायचं ते घरी, हवं तितकं. रस्त्यावर जायचं ते तयार होऊन. मी लग्न होऊन आले तोवर मामंजींनी आपल्या मुलाकडून आशा सोडली होती. आमच्या ह्यांचा आणि सुराचा उभा दावा आहे. मी माहेरी व्हायोलिन शिकले होते एवढं कानावर गेलं, तेव्हा एके दिवशी मामंजींनी माझ्या हातातली कपड्यांची बादली काढून घेतली आणि चामडी पट्टा हातात दिला. मग दोन वर्षं स्वयंपाकघरात रियाज चालला. ते माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि नुसत्या बुटांच्या आवाजावरून सांगायचे, "सूनबाई, पाय खोटा पडला." त्या दोन वर्षांत मी स्वतःचं नाव ऐकलं नसेल इतक्यांदा हे वाक्य ऐकलं. मग एका सकाळी सलग तीन गाणी झाली तरी ते काही बोलले नाहीत. उठले, बूट घातले आणि म्हणाले, "चला." एवढीच शाबासकी. मी न्हाणीघरात जाऊन रडले आणि तोंड धुऊन त्यांच्यामागून निघाले. त्या एका शब्दाचा अभिमान मला आजवर पुरला आहे. त्यानंतर एकतीस वर्षांत रस्त्यावर माझा एकही पाय खोटा पडला नव्हता.

टेलरमास्तर आले ते गेल्या वर्षी. अर्धांगाचा झटका येऊन त्यांचा उजवा पाय गेला होता. गेला म्हणजे जागेवर होता, पण मालकाचं ऐकत नव्हता. हॉस्पिटलमध्ये रुग्णांकडून व्यायाम करून घेणाऱ्या एक ताई आहेत, अंगाने भक्कम आणि आवाजाने त्याहून भक्कम. त्या मास्तरांना फाटकातून माझ्या बाजूला घेऊन आल्या, कारण इथली फरसबंदी सपाट आहे. दिव्याच्या खांबापासून बाकापर्यंत चालायचं, मोजून एकोणीस पावलं. ताई एक-दोन, एक-दोन म्हणायला लागल्या तेव्हा मास्तर त्यांच्यावर खेकसले की मी काही शाळेच्या कवायतीला आलेलो नाही. आणि खांबाला धरून तसेच उभे राहिले. तेवढ्यात त्यांची नजर मामंजींच्या पायांवर गेली.

मी एक संथ गाणं वाजवत होते. मामंजी जागच्या जागी चालत होते. त्यांनी उजवा बूट उचलला तसा मास्तरांचाही उजवा पाय वर आला. मी ते पाहिलं आणि पुढचा सूर ओढून धरला. मास्तरांचा पाय हवेत लटपटत होता तोवर मामंजींचाही हवेतच होता. तो जमिनीला लागला तेव्हाच मी गुडघा आत घेतला. टक्. मग डावा, मग पुन्हा उजवा. एकोणीस पावलांना जवळजवळ अख्खं गाणं लागलं. बाकावर बसल्यावर मास्तरांनी घाम पुसला आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता मामंजींना न्याहाळलं. मग म्हणाले की कोटाचा डावा खांदा उतरलाय, कुठल्या गाढवाने शिवलाय. कोट मी शिवला होता. मामंजींनी खाली मान घातली.

त्यानंतर ते रोज दहाला यायला लागले. चाळीस वर्षं पायाने चालवायच्या मशीनवर कपडे शिवले, असं ते ताईंना सांगत असत आणि मी वाजवता वाजवता ऐकत असे. पंधरा दिवसांत ते बाकापर्यंत जाऊन परत खांबापर्यंत यायला लागले. एका वृद्ध माणसाला मी चालायला लावते आहे, याचा मला गर्व झाला, आणि तो मी घरी लपवून ठेवला नाही. आमचे हे जेवताना मला डॉक्टरीणबाई म्हणायला लागले. मी रागावल्यासारखं दाखवत होते, पण मला ते आवडत होतं.

मग माझाच उजवा गुडघा बोलायला लागला. आधी जिना चढताना, मग बसल्या जागी. संध्याकाळी पट्टा सोडला की गुडघा टम्म सुजलेला असे. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि सांगितलं की आतली गादी झिजली आहे, हा पाय असाच हलवत राहिलात तर वर्षभरात काठी लागेल आणि मग काठीही पुरणार नाही. मी घरी कुणाला बोलले नाही. पण माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो, कुठून काय कुरकुरतं ते त्याला दार उघडायच्या आत कळतं. त्याने माझ्या पिशवीतून डॉक्टरांचा कागद काढला, वाचला आणि पुढचे चार रविवार माळ्यावर काहीतरी ठाकठोक करत राहिला.

त्याने मामंजींसाठी मोटर बनवली होती. फळीखाली एक छोटी मोटर, तिला एक चाक, चाकाला दोरी. बटण दाबलं की मामंजी आपले आपण नाचायला लागले. सांधे तेलपाणी केलेले, टाप एकसारखी. मी हात लावला नाही. म्हटलं, हा तुझ्या आजोबांचा अपमान आहे आणि माझाही. आमच्यात बरीच बोलाचाली झाली. तो आवाज चढवत नाही, हा त्याचा वाईट गुण आहे. शेवटी माझ्यासमोर खाली बसला, माझ्या सुजलेल्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आई, आजोबा नाचायचे थांबले तर वाईट, की तू चालायची थांबलीस तर?"

दुसऱ्या दिवशी मी मोटर घेऊन रस्त्यावर गेले.

लोकांना ती आवडली, हे मान्य करायला हवं. गर्दी वाढली. मामंजी कधी नाचले नव्हते इतके चोख नाचत होते, फक्त आता ते माझ्या मागे नव्हते, मी त्यांच्या मागे होते. वेग बदलायचा तर बटण फिरवायला एक हात लागतो आणि माझे दोन्ही हात व्हायोलिनला बांधलेले. सुटातले आजोबा थांबले आणि आता कसं आधुनिक झालं म्हणाले. औषधांच्या दुकानातली मुलगी आली, तिने एक पाऊल नाचून घेतलं आणि मामंजींकडे पाहिलं. मामंजींनी मान वळवली नाही. दुसऱ्या दिवशी ती नुसतीच चालत गेली. मी बसून होते आणि माझा गुडघा आराम करत होता, आणि मला इतकं रिकामं कधीच वाटलं नव्हतं.

मास्तरांचा विचार मी केला नव्हता असं नाही. त्या आठवड्यात त्यांच्या तपासण्या चालल्या होत्या, म्हणून पहिले तीन दिवस ते आले नाहीत. येतील तेव्हा मी वाजवणं हळू करीन आणि तेही हळू होतील, असं मी धरून चालले होते. लोक बाहुल्याकडे बघतात पण ऐकतात मला, ही माझी एकतीस वर्षांची घमेंड. मास्तर माझ्या सुरांवर चालतात याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

चौथ्या दिवशी दहाला ते खांबापाशी उभे राहिले. मी संथ गाणं धरलं. पहिली तीन पावलं ठीक गेली. चौथ्याला त्यांचा उजवा पाय हवेत अडकला. मी सूर ओढून धरला, अगदी गज संपेपर्यंत धरला. पण मामंजी थांबले नाहीत. टक् टक्, टक् टक्. मास्तरांची नजर त्या बुटांवर होती. आपण मागे पडलो असं वाटून त्यांनी पाय घाईने पुढे टाकला, मग दुसरा, आणि सहाव्या पावलाला ते कोसळले. ताई दोन हातांवर होत्या तरी त्यांना धरता आलं नाही. मास्तर गुडघ्यावर आणि तळहातांवर पडले. पँट फाटली आणि फरशीवर रक्त लागलं.

मी व्हायोलिन टाकून धावले. ताईंनी आणि मी मिळून त्यांना उचललं. आणि तेवढा सगळा वेळ माझ्या पाठीमागे मामंजी नाचत होते, टक् टक्, टक् टक्, पडलेल्या माणसासमोर. मी मागे वळून बटण बंद केलं. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मास्तर बाकावर बसले. ताई त्यांचा गुडघा पुसत होत्या. ते फळीकडे बघत होते.

"मोटर बसवलीत," ते म्हणाले.

मी मान हलवली.

"माझ्या मशीनलाही बसवली होती लोकांनी. चार दिवसांत काढून टाकली. कापड कुठे वळतं ते मोटरीला कळत नाही." मग म्हणाले, "बाई, तुम्ही वाजवता छान. पण मी काही तुमच्या वाजवण्यावर चालत नव्हतो. तो माझ्यासाठी थांबायचा, म्हणून चालत होतो."

मला माफी मागायची होती. मी त्यांच्या तळहातांवरची माती पुसली, तेवढंच.

त्यानंतर मास्तर आले नाहीत. मी मोटर लावली नाही आणि पट्टाही बांधला नाही, मामंजींना पिशवीत ठेवून नुसतं व्हायोलिन वाजवत बसले. तिसऱ्या दिवशी ताई दोन कप चहा घेऊन माझ्यापाशी आल्या. मास्तर आता व्यायामच करायला तयार नाहीत, मला चाकाची खुर्ची चालेल म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. महिनाअखेर त्यांना घरी सोडणार होते. आत्ता पायाला सवय लागली तर लागली, नाहीतर तो पाय कायमचा बसला. महिना संपायला आठ दिवस होते. ताई माझ्यावर चिडल्या नव्हत्या आणि त्याचंच मला जास्त लागलं.

त्या संध्याकाळी मी पट्टा डाव्या गुडघ्याला बांधला.

हे आधी का सुचलं नाही असं कुणीही विचारील. सुचलं होतं, पण मी तो विचार झटकून टाकला होता. गज उजवीकडे ओढला जातो आणि त्याच्याबरोबर उजवा गुडघा आपोआप बाहेर जातो. मामंजींच्या घराण्यात सगळे असंच शिकले. डावा गुडघा वापरायचा म्हणजे हात एकीकडे आणि पाय दुसरीकडे. मी स्वयंपाकघरात भिंतीशी बसले आणि सुरुवात केली. मामंजींनी उडी मारायची तिथे लोटांगण घातलं, चालायचं तिथे गिरकी घेतली आणि नमस्काराच्या जागी मला पाठ दाखवली. पायाकडे लक्ष दिलं की सूर घसरे, सुराकडे दिलं की मामंजी दोरीला लटकत. माझ्या हिशोबाने तयार व्हायला दोन वर्षं लागली असती. माझ्याजवळ आठ दिवस होते.

आमचे हे दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, मला सुरातलं काही कळत नाही, पण बाबा धडपडतायत एवढं कळतंय. मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाले की तरी हे बरं, ती मोटर ऐकली की मला लिफ्टमध्ये अडकल्यासारखं वाटायचं.

मुलगा आला तेव्हा मोटर टेबलावर होती. त्याने एवढ्या मायेने बनवलेली वस्तू परत करायची म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं. त्याने टेबलाकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्याकडे, मग पट्टा कुठल्या पायाला आहे ते पाहिलं. डावा दुखतोय का, असं विचारलं. मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. मग त्याने पेन्सिल काढली, माझ्या डाव्या गुडघ्यापासून खुंटीपर्यंत दोरी ताणून पाहिली आणि खुंटी चार बोटं सरकवून दिली, कारण दोरी तिरकी ओढली जात होती. जाताना मोटर खिशात घालून घेऊन गेला. कुठल्यातरी लिफ्टच्या पंख्याला लागेल म्हणाला.

पाच दिवस मी दिवसभर घरी घासलं. सहाव्या दिवशी मामंजी सलग दहा पावलंही नीट चालत नव्हते. महिना संपायला दोन दिवस उरले होते. मी त्यांना पिशवीत घातलं, स्टूल उचललं आणि निघाले. भिंतीकडे तोंड करून बसलेली ती पाठ मला दारातून बाहेर पडेपर्यंत दिसत होती.

त्या सकाळी जे झालं ते सांगायला मला अजून जड जातं. पहिल्याच गाण्यात मामंजी दोनदा आडवे झाले. पोरं खिदळली. वाहतूक पोलीस इतक्या वर्षांत पहिल्यांदा मागे वळून बघायला लागला. सुटातले आजोबा थांबले आणि यावेळी त्यांनी कामधंद्याचं काढलं नाही, बाई, तब्येत बरी आहे ना, असं हळू आवाजात विचारलं. ते सगळ्यात झोंबलं. कान तापले होते. पिशवी भरून पळून जावंसं वाटत होतं. साडेदहाला बँकेतला साहेब आला, त्याचं गाणं मागितलं आणि मामंजी दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी असे पालथे पडले की उठेनात. मी डावा गुडघा झटकत होते आणि वाजवत होते. साहेब घड्याळ न बघता उभा राहिला. मामंजी शेवटच्या ओळीला कसेबसे उठले, तेव्हा त्याने टाळी वाजवली. अकरा वर्षांत त्या माणसाने पहिल्यांदा आपल्या आवडत्या गाण्याचा शेवट ऐकला.

औषधांच्या दुकानातली मुलगी नेमकी तेव्हाच जात होती. मामंजींची मान तिच्याकडे वळली, म्हणजे खरं तर घसरली. तिने थांबून दोन पावलं नाचून दाखवली, उघडपणे, सगळ्यांसमोर. मला बळ आलं.

अकराच्या सुमारास हॉस्पिटलच्या फाटकात चाकाची खुर्ची दिसली. ताईंनी ती माझ्याकडे पाठ करून उभी केली होती. मास्तरांनी तशी अटच घातली असणार. मी संथ गाणं धरलं. टक्. मग काहीच नाही. मग ट-टक्. मग लाकूड फळीवर घासल्याचा आवाज. मास्तरांची मान जरा तिरकी झाली. ते कान देऊन ऐकत होते. मी वाजवत राहिले, चुकत राहिले. अर्धं गाणं झाल्यावर त्यांनी हात वर करून ताईंना काहीतरी सांगितलं आणि खुर्ची वळली.

रस्ता ओलांडून ते माझ्यासमोर आले. मामंजींच्या बुटांकडे त्यांनी पाहिलं, मग दोरीवरून नजर नेत नेत माझ्या गुडघ्यापर्यंत आले.

"डावा?" त्यांनी विचारलं.

मामंजींनी हो म्हणायचा प्रयत्न केला आणि ते एका अंगावर कलंडले. मास्तरांनी खांबाला हात घातला आणि ते उठून उभे राहिले. ताई पुढे झाल्या, मास्तरांनी त्यांना खुणेनेच मागे ठेवलं.

पहिलं पाऊल आमचं एकत्र पडलं. दुसरंही. तिसऱ्याला त्यांचा पाय अडकला, मी थांबले, तो टेकला, टक्. पाचव्याला मात्र माझ्या गुडघ्याने दगा दिला. मामंजींचा बूट दोरीत गुंतला आणि ते एका पायावर लोंबकळत राहिले. मी गुडघा आतबाहेर करत होते आणि तो सुटत नव्हता. वर पाहिलं तर मास्तर उजवा पाय उचलून उभे होते. पाय थरथरत होता, ओठ आवळलेले होते, पण त्यांनी तो खाली टेकला नव्हता. ते मामंजींसाठी थांबले होते. बूट सुटला. टक्. दोघांचाही.

एकोणीस पावलांना दोन गाणी लागली. ते बाकावर बसले, हातरुमाल काढला आणि तोंड पुसलं. माझ्या हनुवटीखालचं लाकूड ओलं झालं होतं आणि ते घामाने नव्हतं. एकतीस वर्षांत इतकं वाईट मी कधी वाजवलं नव्हतं, आणि इतका अभिमान मला त्या 'चला'चाही वाटला नव्हता.

"टाके वाकडे पडतायत बाई," मास्तर म्हणाले.

मामंजींनी खाली मान घातली. यावेळी ती बरोबर खाली गेली.

"माझेही पडतायत." त्यांनी रुमालाची घडी केली, खिशात ठेवली. घरी सोडलं तरी रिक्षा करून येईन, असं ताईंना बजावलं आणि मग मला विचारलं, "उद्या किती वाजता बसणार?"

मामंजी फार तर वाकू शकले असते. मी व्हायोलिन हनुवटीखालून काढलं आणि मांडीवर ठेवलं.

"दहाला," मी म्हटलं. "रियाजाला या."